किक मारायला हवी होती का?

जानेवारी २०२४ मधल्या एका सोमवारी पहाटे आपण साखरझोपेत होतो, तेव्हा कॅलिफोर्नियात डेट्रॉइट लायन्स ही टीम सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून ३४-३१ अशी हरली. हाफटाइमला लायन्स २४-७ ने पुढे होते. जिंकले असते तर आयुष्यात पहिल्यांदा सुपर बोल खेळले असते. त्यानंतर तिकडचे टीव्ही पॅनल आणि मीमवाले एकाच माणसाच्या मागे लागले होते : कोच डॅन कॅम्पबेल. त्याने किक मारायला हवी होती म्हणे. एकदा नाही, दोनदा.

‘अमेरिकन फुटबॉलशी आपला काय संबंध?’ म्हणून पान उलटू नका. नियम दोन मिनिटांत कळतो. बॉल तुमच्याकडे असला की दहा यार्ड पुढे जायला चार चान्स मिळतात. त्यांना ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. तीन चान्समध्ये जमलं नाही, तर चौथ्या डाऊनला शहाणी माणसं किक मारतात. गोलपोस्ट जवळ असेल तर फील्ड गोलचे तीन पॉइंट, लांब असेल तर बॉल दूर भिरकावून द्यायचा. चौथ्या डाऊनलाही खेळायला गेलात आणि फसलात, तर बॉल तिथेच समोरच्याच्या हातात. कॅम्पबेल ही रिस्क घेतो. वारंवार घेतो.

आणि याच सवयीवर त्याने ही टीम उभी केली, हे तेव्हा सगळे सोयीस्कर विसरले. लायन्स शेवटचे चॅम्पियन झाले १९५७ मध्ये. त्यानंतर जानेवारी २०२४ पर्यंत त्यांनी प्लेऑफची जेमतेम एक मॅच जिंकली होती, तीही जानेवारी १९९२ मध्ये. २००८ मध्ये तर सोळापैकी सोळा मॅच हरले. शहराचीही तीच गत. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं, मोटारींच्या कारखान्यांवर जगणारं डेट्रॉइट २०२० पर्यंत साडेसहा लाखांच्याही खाली आलं. मध्ये २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. अशा गावात कॅम्पबेल २०२१ मध्ये आला आणि पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाला, आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून काढू. लोक हसले. पहिल्या सीझनला सतरा मॅचमध्ये तीन विजय. दुसऱ्याची सुरुवात एक विजय, सहा पराभव. मग शेवटच्या दहापैकी आठ जिंकले.

२०२३ चा सीझन बघा. सप्टेंबरमध्ये पहिलीच मॅच, गतविजेत्या कॅन्सस सिटी चीफ्सच्या घरी. लायन्स आपल्याच १७ यार्डच्या रेषेवर, चौथा डाऊन. तिथे फसलं तर समोरच्याला आयता टचडाऊन. कॅम्पबेलने किकचं नुसतं नाटक करायला लावलं आणि बॉल पळवला. जमलं. मॅच २१-२० ने जिंकली. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसला चार्जर्सशी ३८-३८ बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ. किक मारून पुढे जाता आलं असतं, पण मग चार्जर्सला उत्तर द्यायला वेळ उरला असता. कॅम्पबेल चौथ्या डाऊनला खेळला, रूकी सॅम लापोर्टाने कॅच घेतला, मग आरामात घड्याळ संपवून शेवटच्या क्षणी फील्ड गोल. ४१-३८. त्या दिवशी तो ‘डेअरिंगबाज’ होता. असंच करत सतरापैकी बारा मॅच, तीस वर्षांनी डिव्हिजनचं टायटल आणि जानेवारीत रॅम्सवर २४-२३ असा विजय. त्याच रॅम्सनी लायन्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ याला तीन वर्षांपूर्वी ‘नको’ म्हणून देऊन टाकलं होतं. त्या रात्री अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने घोषणा देत होतं.

आता रविवारची मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोअर २४-१०, चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत. किक मारली असती तर साधारण ४५ यार्डची. कॅम्पबेल खेळला. गॉफने पास बरोबर टाकला, जॉश रेनॉल्ड्सच्या हातात बसला आणि सुटला. पुढे फोर्टीनाइनर्सचा एक लांब पास लायन्सच्या डिफेंडरच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि थेट ब्रँडन आयुकच्या हातात पडला. ५१ यार्ड! मग लायन्सच्या हातून बॉल निसटला आणि बघता बघता २४-२४. शेवटच्या क्वार्टरमध्ये २४-२७ असताना पुन्हा चौथा डाऊन, तीन यार्ड. पुन्हा खेळला, पुन्हा हुकलं.

‘सहा पॉइंट सोडले, तीनने हरले’ हे गणित व्हॉट्सॲपवर छान दिसतं. पण ४५-४८ यार्डची किक म्हणजे खिशातले तीन पॉइंट नव्हेत. त्याच मैदानावर, त्याच संध्याकाळी, फोर्टीनाइनर्सच्या किकरने ४८ यार्डवरून चुकवलीच होती. आकडेवारीची बहुतेक मॉडेल्सही सांगतात की खेळणं आणि किक यांत फरक अगदी थोडा होता. हातातून सुटलेला कॅच आणि हेल्मेटवरून उडालेला बॉल कोचच्या वहीत कसा लिहिणार? कट्ट्यावर आपणही हेच करतो. शेवटच्या ओव्हरला सिक्स बसला की ‘काय जिगर आहे!’, तोच शॉट बाउंड्रीवर झेलला गेला की ‘काय गरज होती?’

कॅम्पबेल चुकलाच नाही का? चुकला, पण वेगळ्या जागी आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. शेवटच्या मिनिटाला, दहाने मागे असताना, गोल लाइनजवळ त्याने पास सोडून धावायचा प्लॅन दिला. तो अडला, घड्याळ चालू राहिलं आणि तीनपैकी एक टाइमआउट खर्च झाला. पुढच्याच प्लेला टचडाऊन आला खरा, पण ५६ सेकंद आणि दोनच टाइमआउट उरल्यावर बॉल नेहमीसारखा परत मिळणं शक्य नव्हतं. ही नशिबाची गोष्ट नाही, साध्या हिशेबाची आहे.

मॅचनंतर तो म्हणाला, त्या दोन निर्णयांचा पश्चात्ताप नाही, टीका होणार हे माहीत आहे. परत इथवर येणं त्या वर्षापेक्षा दुप्पट अवघड असेल, हेही त्याने पोरांना सांगितलं. त्याचा ऑफेन्स चालवणारा बेन जॉन्सन दुसरीकडे हेड कोच होणार अशी जोरदार चर्चा होती. २०२४ मध्ये मात्र तो डेट्रॉइटमध्येच थांबला. फोर्टीनाइनर्स ११ फेब्रुवारी २०२४ ला लास वेगासमध्ये सुपर बोल खेळले, आपल्याकडे १२ तारखेच्या पहाटे. समोर होते चीफ्स, ज्यांना लायन्सने सप्टेंबरमध्ये त्यांच्याच घरी हरवलं होतं.