काचेची चिप, चार टाचण्या आणि दहावीचे 20 गुण

दहावीच्या विज्ञानाला 80 गुण लेखी परीक्षेचे आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे. मुंबईत अंधेरीच्या शाळेतलं पोरगं असो की आपल्या तालुक्यातल्या वाडीवरचं, राज्य मंडळाचं पुस्तक एकच आणि प्रयोगही तेच. फरक पडतो तो एकाच गोष्टीनं. प्रयोग हातानं केला, की गाइडातून जर्नलमध्ये उतरवला?

अंधेरीत गल्लोगल्ली क्लास आहेत, म्हणून तिथली पोरं पुढं असं गावाकडं वाटतं. पण क्लासात किरण फळ्यावर काढला जातो, टाचणी कुणी टोचत नाही. गावात प्रयोगशाळेचं कपाट बंद असेल तर इथंही तेच. हे 20 गुण शाळेच्या पातळीवरच मिळतात, त्यामुळे प्रयोग झाला नाही तरी गुणपत्रिकेवर ते दिसत नाही.

'प्रकाशाचे अपवर्तन' या धड्याचा प्रयोग बघा. कागदावर काचेची चिप ठेवायची, कडेनं पेन्सिल फिरवायची. एका बाजूला तिरप्या रेषेवर दोन टाचण्या टोचायच्या. दुसऱ्या बाजूनं चिपेतून बघत आणखी दोन अशा टोचायच्या, की चारही एका ओळीत दिसतील. चिप उचलून रेषा जोडल्या की कळतं, किरण काचेत शिरताना वाकला आणि बाहेर पडताना पहिल्या रेषेला समांतर, पण थोडा बाजूला सरकून निघाला.

मग कोनमापक लावायचा. किरण 30 अंशानं आत गेला तर काचेत साधारण साडेएकोणीस अंश होतो, 60 अंशानं गेला तर साधारण 35. दोन्ही वेळा साइनचं गुणोत्तर 1.5 च्या आसपास येतं. हाच काचेचा अपवर्तनांक.

खरी मेख इथंच आहे. हातानं मोजलं तर एकदा 1.46 येतं, एकदा 1.54. टाचणी जराशी कलते, कोन अर्ध्या अंशानं चुकतो. ज्या जर्नलमध्ये सगळीकडे बरोब्बर 1.5 आहे, तिथं प्रयोग झाला असण्याची शक्यता कमीच. थोडं चुकलेलं उत्तर हीच केल्याची खूण, आणि शिक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत.

याचा गावाशी संबंध काय? शेततळ्याच्या काठावर उभं राहून बघा. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. म्हणून तळ दिसत असेल तर सरळ वरून बघताना 12 फूट पाणी 9 फुटांसारखं भासतं. काठावरून तिरपं बघितलं तर त्याहूनही उथळ. त्यात प्लॅस्टिकचा कागद निसरडा, पाय घसरला की वर चढता येत नाही. "एवढंच तर पाणी" म्हणत उतरणाऱ्या पोराला त्याचे डोळेच फसवत असतात. ज्यानं टाचण्या लावून किरण वाकताना पाहिला, तो दिसणाऱ्या खोलीवर भरवसा ठेवणार नाही.

या प्रयोगाला लागतं काय? काचेची चिप, चार टाचण्या, कागद, कोनमापक आणि एक तास. पुढच्या पालक सभेत गुण किती पडले हे विचाराच, पण पोराला एवढंही विचारा, "चौथी टाचणी तू कशी लावलीस?" ज्यानं लावली असेल, तो लगेच हातानं दाखवील.