पहिली फेरी इमेजमध्येच उरका

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास सीप्झमध्ये, मरोळच्या एमआयडीसीत किंवा मुलुंडच्या एखाद्या ऑफिसात बिल्ड पडतात आणि अकरापर्यंत आपोआप सुधारतात, हा अनुभव आपल्या बऱ्याच वाचकांना नवा नसेल. कोणीतरी ‘परत रन कर’ म्हणतो, हिरवा दिवा लागतो, विषय मिटतो. पुढच्या सोमवारी पहिले पाढे पंचावन्न.

कारण सहसा कोडमध्ये नसते. ॲमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाले आणि जवळचीच यंत्रे तासाच्या भाड्याने मिळू लागली. शनिवार-रविवारी एजंट बंद ठेवून पैसे वाचवणे मग ओघानेच आले. सोमवारी हे एजंट कोरे करकरीत उभे राहतात आणि लोकलमधून उतरलेली सगळी टीम साधारण एकाच वेळी कोड पुश करते. कोऱ्या यंत्रावर प्रत्येक साधन पहिल्यांदा चालताना स्वतःची मांडामांड करते; हीच त्याची पहिली फेरी. चार बिल्ड एकदम सुटल्या, की चारही प्रक्रिया एकाच होम फोल्डरात तीच मांडामांड करू पाहतात. डॉटनेट कोअरच्या २.x आवृत्त्या पहिल्या आज्ञेला पॅकेजांचे मोठे गाठोडे सोडत बसत. ते ३.० मध्ये गेले, पण डेव्हलपमेंट सर्टिफिकेट तयार करण्यासारखी कामे पहिल्या फेरीत उरलीच. उबंटूवर यंत्र उठताच स्वयंचलित अपडेट डीपीकेजीचे लॉक धरते. तेवढ्यात आपली स्क्रिप्ट ॲप्ट चालवते आणि आपटते. टीझेडडेटा तर कधी प्रश्न विचारून थांबून राहते. मुंबईतल्या सर्व्हरनेही त्याला उत्तर ‘कोलकाता’ असेच द्यायचे, ही गंमत वेगळीच!

उपाय म्हणून सगळीकडे स्लीप आणि रिट्राय पेरलेले दिसतात. आमच्या मते ही चालढकल आहे. पहिली फेरी हे स्वतंत्र काम आहे. ते एजंट-यंत्राची इमेज बनवतानाच, एकट्याने, रांग उघडण्यापूर्वी व्हावे. एक्सकोडचा परवाना आणि पहिल्या लाँचची स्थापना, अँड्रॉइड एसडीकेचे परवाने, ग्रेडल रॅपरचे डाउनलोड, सगळे तिथेच. आणि तेही ज्या युजरखाली बिल्ड चालणार त्याच युजरने. रूट म्हणून सगळे उरकायचे आणि एजंट जेन्किन्स युजरने चालवायचा, तर त्या युजरचे होम रिकामेच राहते आणि पहिली फेरी पुन्हा सुरू होते. बहुतेक ठिकाणी घोडे इथेच पेंड खाते.

पहिली फेरी नुसती गप्प करणे याहून धोक्याचे. जेन्किन्स २.० ने २०१६ मध्ये सेटअप विझार्ड आणला. जावाचा एक पर्याय देऊन तो बंद करता येतो, पण सुरक्षेची मांडणी कॉन्फिगरेशन ॲज कोडने आधी दिली नसेल, तर सर्व्हर लॉगिनशिवाय सताड उघडा उभा राहतो. विझार्ड विचारतो ते प्रश्न निरर्थक नसतात. त्यांची उत्तरे फाइलीत लिहून ठेवावी लागतात.

काही गोष्टी मात्र इमेजमध्ये गोठवू नयेत. एसएसएच होस्ट की, मशीन-आयडी, एजंटची नोंदणी ही प्रत्येक यंत्राची स्वतःची ओळख आहे. ती इमेजमधून पुसा आणि यंत्र उठताना नव्याने बनू द्या. क्लाउड-इनिट पूर्ण होईपर्यंत एजंटने पहिले काम घेऊ नये. मेव्हनचे स्थानिक भांडार गरम करून ठेवणे चांगलेच, पण एकाच भांडारात अनेक समांतर प्रक्रियांना लिहू देण्यापेक्षा प्रत्येक एक्झिक्युटरला वेगळी प्रत देणे बरे. डिस्क जास्त लागते. लागू दे.

इमेज तपासायची कशी? नव्या यंत्रावर होम फोल्डरातल्या लपलेल्या फाइलींची यादी घ्या, दोन बिल्ड एकदम सोडा, पुन्हा यादी घ्या. कॅशच्या बाहेर नवी सेटिंग, सर्टिफिकेट किंवा परवान्याची फाइल दिसली, तर काही तरी उरले आहे. ती इमेज पुढे पाठवू नका. साधनाची आवृत्ती बदलली की तीच तपासणी पुन्हा, आणि ती शुक्रवारी दुपारी करा, सोमवारी नव्हे.