लढाई सरली, टेहळणीचे काय?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्राम समितीपुढे एक विनंती आली. गावच्या चौकात, बसथांब्यावर आणि बाजाराच्या तोंडाशी कॅमेरे बसवायचे आहेत. व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली आहे, चर्चनेही एका कॅमेऱ्याचा खर्च उचलावा व तो आपल्या फाटकावर रस्त्याकडे तोंड करून लावू द्यावा. चित्र पोलीस ठाण्यात दिसेल. समितीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. दोनच महिन्यांपूर्वी आमची दानपेटी फुटली होती. मीही होकार देण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक बाई उठून म्हणाल्या, "फादर, ते चित्र पाहणार कोण? आणि ठेवणार किती दिवस?"

उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. त्या बाईंच्या प्रश्नामागे घरचे दुःख होते. शेजारच्या एका गावी त्यांची भाची कॉलेजात शिकत होती. बसथांब्यावर वर्गातील मुलाशी ती दहा मिनिटे बोलत उभी राहिली. कॅमेऱ्याच्या पडद्यावरील ते दृश्य कोणीतरी आपल्या मोबाइलवर टिपले आणि संध्याकाळच्या आत ते तिच्या वडिलांच्या हाती पोचले. कोणी टिपले, कोणी पाठवले, याचा पत्ता कधीच लागला नाही. मुलीचे कॉलेज मात्र सुटले. तिने गुन्हा कोणता केला होता?

सुज्ञ वाचकहो, कॅमेऱ्याशी माझे वैर नाही. चोर पकडला जावा, हरवलेले मूल सापडावे, हे मलाही हवे आहे. माझा वाद आहे तो बेहिशेबी डोळ्याशी. जो डोळा आपल्याला पाहतो पण आपल्याला जाब देत नाही, त्या डोळ्याविषयी आज बोलले पाहिजे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्ट्यात तर ते आजच बोलले पाहिजे. कारण या मुलखातील एक दीर्घ लढाई संपत आली आहे आणि तिच्यासाठी उभारलेली टेहळणी मात्र संपण्याचे चिन्ह नाही.

या लढाईचा इतिहास विसरून चालणार नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा नक्षलवादी दलमे या जंगलात शिरलेली होती. १९९० मध्ये पोलिसांचे सी-६० पथक उभे राहिले. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाला. त्या पोलिसांत याच मातीतील मुले होती. त्यांच्या आयांचे अश्रू ज्याला दिसत नाहीत, त्याने नागरी हक्कांवर व्याख्यान देऊ नये. अशा जंगलात शत्रूचा माग काढण्यासाठी पोलिसांनी ड्रोन उडवले, फोनचा माग घेतला, तर त्यांना दोष कोण देईल?

परंतु त्या जंगलात केवळ पोलीस आणि नक्षलवादी राहत नव्हते. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धानोरा येथील साधा आदिवासी शेतकरी दोघांच्या मधोमध राहत होता. रात्री दलम दारात येऊन भाकर मागे, सकाळी पोलीस येऊन विचारीत, "रात्री कोण आले होते?" भाकर दिली म्हणून एक बाजू संशय घेई आणि ठाण्यात पाऊल टाकले म्हणून दुसरी. 'खबरी' हा शब्द शहरात शिवी असेल. येथे तो मृत्युदंड होता. त्या एका संशयावरून नक्षलवाद्यांनी कितीतरी गावकऱ्यांना घरातून ओढून नेऊन ठार मारले. कोण कोणाला भेटले, कोण कोणाशी बोलले, ही माहिती या मुलखात माणसाचा प्राण घेऊ शकत होती.

म्हणूनच 'खाजगीपण हे शहरी श्रीमंतांचे चोचले आहेत' असे कोणी म्हणाले की मला हसू येत नाही, संताप येतो. मुंबईचा माणूस गर्दीत हरवू शकतो. लहान गावातील माणसाला तो आडोसा नाही. शेजारी त्याला ओळखतो, पानवाला ओळखतो, ठाण्यातील शिपाई त्याच्या आजोबांचे नावही जाणतो. त्याच्याजवळ आडोसा एकच असतो, तो म्हणजे लोकांची विसरण्याची शक्ती. गाव पाहते, कुजबुजते आणि चार दिवसांनी विसरते. यंत्र विसरत नाही. गावाची नजर आणि यंत्राची स्मृती एकत्र आली की गरिबाला लपण्यास जागा उरत नाही, आणि सुधारण्यासही उरत नाही.

"ज्याने काही केले नाही त्याला भीती कशाची?" हा प्रश्न आमच्या समितीतही विचारला गेला. त्याचे उत्तर खडकसिंग नावाच्या माणसाने पूर्वीच दिले आहे. उत्तर प्रदेशातील या माणसावर दरोड्याचा आळ आला. पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याच्या नावे वही उघडली. अपरात्री शिपाई येऊन दार ठोठावीत, तो घरी आहे की नाही पाहत, बाहेरगावी गेला तर पाठ धरीत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या त्या झडत्या घटनाबाह्य ठरवल्या, पण बाकीची पाळत राहू दिली. सगळीच पाळत स्वातंत्र्यावर घाला आहे, असे न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमताने बजावले होते. त्यांचे म्हणणे खरे ठरण्यास ५५ वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, आणि त्याला हात घालायचा असेल तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय हवा. खडकसिंगाचे दार तरी ठोठावले जात होते. आजच्या पाळतीची चाहूलही लागत नाही.

कायदा आहे, असे सांगितले जाते. तो कसा आहे ते पाहू. फोन ऐकण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये नियम घालून दिले. गृहसचिवांनी हुकूम काढावा आणि समितीने तो तपासावा, अशी पद्धत आहे. त्या समितीत बसतात कोण? ज्या सरकारने हुकूम काढला त्याच सरकारचे सचिव! न्यायाधीश त्यात नाही. २०२१ मध्ये आपल्या विदर्भातील नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितले की पूर्वी आपला फोन दुसऱ्याच माणसाच्या नावाखाली, अमली पदार्थांच्या चौकशीच्या निमित्ताने, ऐकला गेला. २०२२ मध्ये गुन्हा नोंदला गेला; २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यात दोषी कोण होते, हे ठरवणे माझे काम नव्हे. मी एवढेच विचारतो की लोकप्रतिनिधीला आपल्या फोनचे काय झाले हे कळण्यास वर्षे लागतात, तर अहेरीच्या मजुराला ते कधी कळेल?

२०२२ च्या गुन्हेगार ओळख कायद्याने बोटांच्या ठशांबरोबर डोळ्यांच्या बाहुल्यांचेही माप घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला आणि त्या नोंदी ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसण्याची तरतूद त्यात आहे. पण ती सर्व न्यायालयीन मार्ग संपल्यावर, आणि न्यायालयाने वेगळा हुकूम दिला नाही तर! वीस वर्षांच्या पोराची नोंद त्याच्या पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत! २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु गुन्हे रोखणे व तपासणे यांसाठी होणाऱ्या वापराला त्याच्या बहुतेक बंधनांतून सूट आहे, आणि सरकारने नेमून दिलेल्या यंत्रणांना तर तो लागूच नाही. घराला कुलूप लावले आणि किल्ली दारातच ठेवली, असा हा प्रकार.

दुसरीकडे यंत्रे वेगाने वाढत आहेत. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी २०२४ मध्ये नागपुरात 'मार्व्हल' ही सरकारी कंपनी निघाली. तपासात मदत करणारी तसलीच प्रणाली राज्यातील १,१०० पोलीस ठाण्यांत नेण्याचा बेत डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. तपास लवकर होणार असेल तर स्वागतच आहे. पण यंत्राने चुकून एखाद्या निरपराध्याकडे बोट दाखवले, तर त्याने दाद कोठे मागावी?

यंत्रातील पुरावा ईश्वरी साक्ष नव्हे. नाबोथाचा मळा लाटण्यासाठी दोन खोटे साक्षीदार उभे करावे लागले होते. आज खोटा साक्षीदार संगणकात शिरू शकतो. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीतील आरोपी म्हणूनच मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्या संगणकात बाहेरून घुसून कागदपत्रे ठेवली गेली होती, असा निष्कर्ष बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञसंस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. तपासयंत्रणेस तो मान्य नाही. खरे काय ते न्यायालयाने ठरवावे; पण फादर ते ऐकण्यास राहिले नाहीत. गडचिरोलीच्याच सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी प्राध्यापक साईबाबा व इतरांना शिक्षा दिली, त्या खटल्याचा मोठा भाग संगणकातील मजकुरावर उभा होता. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. तोवर त्यांतील एक आदिवासी शेतकरी तरुण तुरुंगवासातच मरण पावला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. लढाई सरत आली याचा आनंद आम्हा सर्वांना आहे. पण लढाईसाठी मागितलेले अधिकार लढाई संपल्यावर कोणी परत करतो काय? अतिरेकी शोधण्यासाठी आणलेले ड्रोन उद्या कोणाला शोधतील? २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यातील तोडगट्टा येथे माडिया आदिवासी खाणींविरुद्ध कित्येक महिने धरणे धरून बसले होते. उद्या असेच कोणी बसले, तर आकाशातील डोळा त्यांना नागरिक म्हणून पाहील की संशयित म्हणून? याचे उत्तर आज कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीवर ते सोडले आहे, आणि अधिकारी तर तीन वर्षांत बदलतो.

कॅमेरा कसा असावा याचा नमुनाही आमच्याच जिल्ह्यात आहे. ताडोबाच्या कडेला सीतारामपेठ गावी २०२३ च्या सुमारास वाघ ओळखणारे कॅमेरे लावले गेले. वाघ गावाकडे आला की गावकऱ्यांना इशारा मिळतो. डोळा वाघावर, फायदा माणसाला! पण उत्तराखंडातील कॉर्बेटमध्ये वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी सरपणाला जाणाऱ्या बायकांनाच टिपले आणि एका असहाय स्त्रीचे चित्र गावभर फिरले, हेही संशोधकाने २०२४ मध्ये लिहून ठेवले आहे. कॅमेरा दोन्हीकडे सारखाच. चित्र कोणाच्या हाती जाते आणि त्याला जाब कोण विचारतो, यावर सारे अवलंबून.

एक डोळा मात्र आम्हांस खरोखरीच हवा आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा ते गाव चंद्रपूर जिल्ह्यात होते. ठाण्याचे दिवे मालवलेले होते, दार आतून बंद होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिपायांना सोडले. चार कायदेपंडितांनी पुढच्या वर्षी खुले पत्र लिहिले, देश हादरला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये, ठाण्यांतील कॅमेरे चालत नसल्याच्या प्रश्नाची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली! चौकातील कॅमेऱ्याला वर्गणी मिळते, वीज मिळते. कोठडीतील कॅमेरा तेवढा नादुरुस्त राहतो. प्रकाश जेथे आधी हवा तेथेच अंधार, आणि जेथे मुली बसची वाट पाहतात तेथे लखलखाट!

म्हणून आमची मागणी साधी आहे. कॅमेरा कोठे आहे याची पाटी लावा. चित्र किती दिवसांनी पुसले जाईल ते लिहून द्या. ते कोणी, केव्हा, कशासाठी पाहिले याची वही ठेवा आणि चित्र बाहेर गेले तर त्या माणसाला शिक्षा करा. फोन ऐकण्याच्या हुकुमावर न्यायाधीशाची सही असू द्या. पेसा कायद्याच्या गावांत ग्रामसभेला विचारल्याशिवाय खांब रोवू नका. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने साऱ्या देशाला दाखवले आहे की अडाणी समजली जाणारी माणसे आपल्या गावाचा कारभार उत्तम जाणतात. आणि सर्वांत आधी ठाण्यातला कॅमेरा चालू करा.

आम्ही धर्मगुरू गुप्ततेचे मोल जाणतो. प्रायश्चित्त संस्कारात ऐकलेला शब्द आम्ही प्राण गेला तरी उच्चारत नाही. आणि तो उच्चारला जाणार नाही या विश्वासावरच माणूस मन मोकळे करतो, पालटतो. राज्यसत्तेकडून मी तेवढ्या गुप्ततेची अपेक्षा करीत नाही. पण ज्याचा तिच्या कामाशी संबंध नाही ते तिने पाहू नये आणि ज्याची गरज संपली ते तिने विसरावे, एवढे मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

आमच्या समितीने त्या बाईंचे दोन्ही प्रश्न कागदावर लिहून संबंधित कार्यालयाला पाठवले. उत्तर अजून आलेले नाही, आणि आमच्या फाटकावर कॅमेराही लागलेला नाही. तुमच्या गावी वर्गणी मागण्यास कोणी आले, तर पैसे जरूर द्या. पण आधी हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.