स्वभाव आधी की प्याला आधी?

"अहो, त्याचा स्वभावच मुळी तसा!" दारुड्या माणसाविषयी आमच्या डिंभ्याच्या बाजूला हे वाक्य हमखास ऐकू येते. माझा आक्षेप या एका वाक्यालाच आहे.

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर बुद्धिमान, पण कमालीचा मानी. वकिलीची सनद काही काळापुरती जाते, अपमान सोसवत नाही आणि तळीराम प्याला पुढे करतो. मग दोष कोणाचा? मानी स्वभावाचा की प्याल्याचा? प्रत्येक मानी माणूस काही दारुडा होत नाही!

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी शेकडो पुरुषांच्या आयुष्याचा कित्येक दशकांचा मागोवा आपल्या १९८३ च्या ग्रंथात मांडला. मद्यपींमध्ये दिसणारा चिडखोरपणा, परावलंबन, निराशा हा बव्हंशी दारूचा परिणाम असतो, कारण नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. अपवाद लहानपणापासूनच्या समाजविघातक वर्तनाचा. अशी व्यक्तिमत्त्व-विकृती किंवा भावनांची टोकाची अस्थिरता आणि दारू ही पुष्कळदा एकत्र आढळतात व एकमेकींना खतपाणी घालतात. अशा वेळी उपचार दोहोंवर हवेत. म्हणूनच जाणता डॉक्टर पिणे चालू असताना 'विकृती'चा शिक्का घाईने मारीत नाही. आधी दारू सुटू देतो, मग माणूस पारखतो.

आपण मात्र शिक्का आधी मारतो. 'स्वभाव' म्हटले की बायकोने सोसायचे, पोरांनी कोपऱ्यात दडायचे आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचे कोणाला सुचतच नाही. स्वभावाला औषध नसते ना!

कोणी म्हणेल, आजार म्हटले की मारहाण माफ होईल. मुळीच नाही. मारहाणीचा जाब विचारलाच पाहिजे. पण आजारावरचा उपचार त्यासाठी अडता कामा नये. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यास आर्थिक हात दिला, ते व्यसनी हा रुग्ण आहे या श्रद्धेने. तेथून बरी होऊन गेलेली माणसे आज इतरांना सावरत आहेत. त्यांचा 'स्वभाव' कोठे गेला?

मित्रहो, शिबिरात भिंतीवर बाटली आणि कवटी रंगवून आपले कर्तव्य संपत नाही. त्या चित्राखाली एक आकडाही लिहू या : १४४१६. २०२२ पासून सुरू झालेली 'टेली मानस' ही सरकारी सेवा या क्रमांकावर विनामूल्य मिळते. कवटी पाहून माणूस घाबरेल. आकडा पाहून कदाचित एखादी माउली फोन उचलील.