गाव शहरात गेलं, तर शाळा कोणाची?

आसनगाव स्टेशनावर उतरून शहापूरच्या रिक्षात बसलं की गाव कुठे संपलं आणि शहर कुठे लागलं, हे हल्ली कळत नाही. शहापूर २०१५ मध्ये नगरपंचायत झालं, मुरबाडही त्याच वर्षी. आसनगावात ग्रामपंचायतच राहिली. पण स्टेशनाभोवती इमारती चढू लागल्या तशी ‘आपणही शहरात जायला हवं’ ही भाषा टपरीवर ऐकू येते. पाणी, गटार, घरपट्टी यांवर तासभर वाद होतो. मराठी शाळेचं नाव मात्र कोणी काढत नाही. माझा जीव तिथेच अडकतो.

कल्याणजवळच्या २७ गावांचं उदाहरण लांबचं नाही. २००२ मध्ये ती महापालिकेतून बाहेर पडली आणि १ जून २०१५ रोजी पुन्हा आत आली. गावं पालिकेची झाली, तरी शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या आणि हस्तांतराचा घोळ वर्षानुवर्षं चालला. पत्रा उडाला तर अर्ज कोणाकडे न्यायचा?

नगरपंचायतीत शाळा बहुधा झेडपीचीच राहते, गुरुजीही तेच. मग बिघडतं काय? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथल्या पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कुठे लावायचा हे ग्रामसभेत ठरतं. ग्रामपंचायत गेली की ती ग्रामसभाही जाते. शाळेचं कुंपण पडलंय हे सगळ्यांसमोर उठून सांगायची जागाच उरत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी नवोदयची वाटते. जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत व्हावी लागतात. यातला थोडा काळ जरी शाळा शहरी हद्दीत आली, तरी मूल शहरी धरलं जातं. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी चौथीत आहे असं समजा. बाक तोच, बाई त्याच, घरची चूलही तीच. एका अधिसूचनेनं तिची स्पर्धा ठाणे-कल्याणच्या क्लासवाल्या मुलांशी लागते. शिष्यवृत्ती परीक्षेतही ग्रामीण आणि शहरी याद्या वेगळ्या लागतात.

मी शहराच्या विरोधात नाही. नळाला रोज पाणी यावं असं मलाही वाटतं. पण हद्दवाढीचा ठराव मांडायच्या आधी शाळेची इमारत, जागा, दुरुस्तीचा खर्च कोणाकडे, आणि आज तिसरी ते पाचवीत असलेल्या मुलांचा ग्रामीण दर्जा शिक्षण संपेपर्यंत टिकणार का, हे लेखी मिळायला हवं. शेवटच्या प्रश्नासाठी तर सरकारकडे आत्तापासूनच पत्रं जायला हवीत.

शाळेची जागा कागदावर नेमकी कोणाच्या नावावर आहे, हे विचारायला मी सोमवारी तलाठ्यांकडे जाणार आहे. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोन आयाही बरोबर येतो म्हणाल्यात.