नको म्हणणाऱ्याचा मान

डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातली बरीच कुटुंबं गावी जातात. आपल्या मंडळात परभणी जिल्ह्यातली मंडळी पुष्कळ आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपण इथे जर्मनीत राहून खरी करून दाखवली, असं आपण अभिमानानं म्हणतो. त्या दिवसांत तिकडे शेतं पाहावीत. तुरीला शेंगा लगडलेल्या असतात, हरभऱ्याचा टहाळ हाताशी आलेला असतो, ज्वारीचा हुरडा कुठे कुठे सुरू होतो. सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड, कुठे ना कुठे घरचं लग्न असतंच. मग जानेवारीत परत आल्यावर मंडळाच्या गटावर दरवर्षी तोच विषय निघतो: वर्षभर चालून, मोजूनमापून खाऊन उतरवलेलं वजन गावाहून परत आलं. त्यामागोमाग येणारी वाक्यं मला वाचवत नाहीत. 'माझ्यात निग्रहच नाही', 'माझा जिभेवर ताबा नाही', 'माझ्याच्यानं हे होणार नाही'. हे संपादकीय त्या वाक्यांविरुद्ध आहे. माझं म्हणणं असं की आपल्या घरांत खाण्याचा मोह आवरणं हे एकट्याच्या निग्रहाचं काम नाहीच. जेवायला बसलेल्याइतकंच ते वाढणाऱ्याच्या हातात असतं. त्या बाजूबद्दल मात्र आपण कधी बोलत नाही.

परभणीकडच्या कोणत्याही घराची रीत आठवा. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की आधी पाणी, मग चहा, आणि चहा येईतो समोर चिवडा-लाडू नाहीतर गरमागरम सुशीला. 'आत्ताच खाऊन आलो' हे कोणी कानावर घेत नाही. 'एवढ्यानं काय होतंय, घे की' इथपर्यंत ठीक. पण तरीही नको म्हटलं तर मावशीचा चेहरा उतरतो: 'काहून? आमच्या घरचं चालंना का आता?' या प्रश्नावर तुमच्या आहारतज्ज्ञाकडे उत्तर नाही. पुढच्या घरी काम आणखी अवघड होतं, कारण तिथे बातमी आधीच पोचलेली असते: 'तिकडं घेतला, मग आमच्याकडंच नको का?' एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम. पाच घरं झाली की नुसत्या चहातून चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती शक्य तर दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत ठेवावी अशी आहे. लाडू आणि लग्नातली बुंदी अजून मोजलेली नाही.

आणि वजन उतरवून गावी गेलेल्यांना जे ऐकावं लागतं ते वेगळंच. इथे डॉक्टरांनी कौतुक केलेलं असतं. तिथे अंगणात पाय ठेवताच 'वाळलीस की गं, तिकडं खायला मिळंना का?' असं म्हणून डोळ्यांत पाणी. मग ती वाळलेली लेक भरून काढायची जबाबदारी सगळ्या भावकीवर येते.

या आग्रहाला नावं ठेवणं सोपं आहे, पण तो कुठून आला ते आपण विसरू नये. आज सत्तरीच्या घरात असलेल्या आपल्या आई-मावश्या, काका-आत्यांनी कोवळ्या वयात 1972 चा दुष्काळ पाहिला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडली आहे, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले आहेत, रेशनच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली ढकलली आहे. ज्या माणसांनी रिकाम्या कणगीकडे बघत पावसाची वाट पाहिली, त्यांना भरलेलं ताट आणि भरलेलं अंग यात सुखरूपपणा दिसणारच. ते 'अजून एक घे' म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की आता आपल्याकडे आहे. त्यांचा हात झिडकारून वजन कमी करायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

पण त्या प्रेमाची किंमत आपल्या शरीराला जरा जास्तच पडते, हेही खरं आहे. यावरचं फार मोलाचं काम पुण्यात, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलं आहे. त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचं 21.2 टक्के. त्याआधी 1993 पासून याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला होता. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान भरली, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानानं राखून ठेवलेली होती. म्हणजे वरून किडकिडीत आणि आतून चरबी धरून ठेवणारी ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो.

इथे राहणाऱ्यांसाठी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. आपला इथला डॉक्टर बहुधा युरोपीय मापानं बघतो: बीएमआय 25 च्या खाली म्हणजे ठीक, लठ्ठपणा 30 पासून. भारतीयांसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी ठरवलेलं माप 23 आणि 25 असं आहे. 170 सेंटिमीटर उंचीच्या आणि 70 किलो वजनाच्या माणसाचा बीएमआय 24.2 येतो. इथे तो निरोगी ठरतो, आपल्या मापानं त्याचं वजन आधीच जास्त असतं. काट्यापेक्षा टेप जवळ ठेवा. कमरेचा घेर पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरपर्यंत, त्यापुढे सावध व्हायचं. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तर हे आकडे पाठ करावेत.

आता निग्रहाबद्दल. लग्नाला जायचं म्हणून सकाळपासून उपाशी राहणारे आपल्यात बरेच आहेत. रात्री जेवणं मांडली की त्यांचा बांध फुटतो आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःला दोष देतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ऍन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ही माणसं कच्च्या मनाची नव्हती. लढाईत शस्त्र उचलणार नाही या तत्त्वासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला होता. पण पोट सतत अर्धवट राहिल्यावर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. कधी स्वयंपाकघराकडे न फिरकलेले तरुण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटातलं अन्न पुरवून पुरवून खाऊ लागले. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येकांची भूक लवकर शमेना. भूक शरीर लावतं आणि उपाशी ठेवलेलं शरीर ती वाढवतं. आजकाल वजनासाठी जी इंजेक्शनं आली आहेत (जर्मनीत 2023 पासून, भारतात 2025 पासून), तीही भूक आणि तृप्ती सांगणाऱ्या संप्रेरकांच्या वाटेनंच काम करतात. ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहेत त्यांच्याकडे 'हे इंजेक्शनवाले' म्हणून बघू नका. इथला सरकारी आरोग्य विमा केवळ वजन घटवण्यासाठी त्यांचे पैसे देत नाही, तेव्हा त्यांच्या खिशालाही ती जड जात असतात.

म्हणून लग्नाच्या दिवशी दुपारी पोटभर वरण, भाजी, भाकरी खाऊन निघा. वाचायला हे उलटं वाटेल, पण पोट भरलेलं असताना म्हटलेलं 'नको' टिकतं.

ते कसं टिकवावं याचा एक मोठा धडा मराठवाड्यातच घडला आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायची पद्धत गावोगाव सांगितली. तिच्यावर वादही झाले, थोडं थोडं वरचेवर खावं असं सांगणारे तज्ज्ञ होतेच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, हे मी इथे ठळकपणे सांगतो. पण वैद्यकाचा भाग बाजूला ठेवला तरी त्या पद्धतीनं समाजात एक गोष्ट केली. लोकांना नकाराला एक नाव मिळालं. 'माझं दीक्षित चालू आहे' म्हटलं की परभणीतल्या घरातही ताटली परत जाऊ लागली. मावशीला राग येत नाही, उलट ती विचारते, 'किती उतरलं मग?'

याला आपल्याकडे जुना आधार आहे. 'आज चतुर्थी आहे' म्हणणाऱ्याला कोणी लाडू घे म्हणत नाही. उपवास करणाऱ्याचा नकार म्हणजे यजमानाचा अपमान, असं कोणाच्या मनातही येत नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूसही त्याच्यासाठी वेगळी भगर टाकायला सांगतं. (उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी दोनदा घेणं हा वेगळा विषय, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.) व्रतासाठी नाही म्हणणाऱ्याला जो मान आपण देतो, तोच मान आपल्या रक्तातल्या साखरेसाठी, गुडघ्यांसाठी नाही म्हणणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे?

गावी जाणाऱ्यांना मी अजून एक सुचवेन. नुसतं 'नको' म्हणू नका, काहीतरी मागा. पाहुण्याला घरात रोज शिजतं ते कधी मिळतच नाही. त्याच्यासाठी पुरी, श्रीखंड, गुलाबजाम येतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे सगळं घरची माणसं मागाहून खातात. आदल्या दिवशी फोन करून सांगा: 'मावशी, मला तुझ्या हातची भाकरी खायचीय, दुसरं काही करू नकोस.' मावशीला हे कमीपणाचं वाटत नाही, ती खुलते. भाकरी म्हणजे वजन उतरवणारं औषध असं मात्र समजू नका. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सव्वातीनशेच्या वर कॅलरी असतात आणि चटणीवर घेतलेलं मोठा चमचाभर तेल त्यात शंभरेक कॅलरींची भर घालतं. पण त्या पिठात सुमारे दहा ग्रॅम तंतूही असतात. भाकरी चावून खावी लागते, पोटात बराच वेळ राहते आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीला हात आपणहून थांबतो. गुलाबजामाच्या बाबतीत असं होत नाही.

त्यातून आपण तर ज्वारीच्या जिल्ह्याची माणसं. दुष्काळाच्या त्याच 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं. 'परभणी मोती' हा ज्वारीचा वाण तिथलाच. हैदराबादच्या 'इक्रिसॅट' या संशोधन संस्थेबरोबरच्या कामातून 2018 साली आलेल्या 'परभणी शक्ती'त किलोमागे 45 मिलिग्रॅमच्या आसपास लोह आणि 32 मिलिग्रॅमच्या आसपास जस्त आहे, नेहमीच्या वाणांपेक्षा चांगलंच जास्त. भारताच्या पुढाकारानं संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा इथल्या दुकानांत ज्वारीचं पीठ दिसायला लागलं. आपल्या मंडळाच्या पंगतीत ते अजून पोचलेलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण आपण इथेही तेच करतो. घरापासून दूर आहोत म्हणून सण जरा जास्तच गोड करतो, दोन पक्वान्नांची चार करतो, आणि वाढपी कार्यकर्ते ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढतात. त्या ताटावर बसलेल्यांत कोणाला नुकताच मधुमेह निघालेला असतो, कोणी सहा महिने झगडून कमरेचा घेर कमी केलेला असतो. ते सगळ्यांसमोर सांगणं त्यांना नको असतं.

म्हणून कार्यकारिणीशी बोलून संक्रांतीच्या कार्यक्रमात बदल ठरवले आहेत. जेवण भोगीचं असेल: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, ज्वारीचीही भाकरी, वांगी-गाजर-हरभरा-पावट्याची भोगीची भाजी, मुगाची खिचडी, कढी. गोड एकच, तिळगूळ, आणि तो जेवणाच्या टेबलांवर न ठेवता बाजूच्या खोलीत ठेवायचा. साधारण 1970 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर मिठाई ठेवून त्यांना थांबायला सांगितलं होतं. त्यात मिठाई नजरेआड असली की मुलं जास्त वेळ थांबत, आणि काहींनी तर आपणहून डोळे झाकून घेतले होते. मोठ्यांना डोळे झाकून जेवता येत नाही, तेव्हा ते काम आपण टेबलाच्या जागेनं करू. वाढपी एकदा विचारतील, दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. मुलांना 'ताट संपव' म्हणून कोणी बसवून ठेवणार नाही. त्यांना आधी थोडंच वाढा, लागलं तर ती मागतील. कोणाच्या वजनाबद्दल, वाढलेल्या किंवा उतरलेल्या, त्यानं स्वतः विषय काढल्याशिवाय बोलायचं नाही, एवढी विनंती मात्र सगळ्यांनाच.

एक अडचण आहे. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं असतं, त्याची विरी गेलेली असते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढून नीट मळली तर जमतं. कार्यक्रमाच्या सकाळी भाकऱ्या थापायला माणसं हवीत, पुरुषही चालतील, शिकवायला आपल्यातल्या दोघी-तिघी तयार आहेत. सुट्टीला निघण्याआधी कार्यकारिणीकडे नावं द्या, आणि सामानात जागा असेल तर घरून एखादा चांगला, खोलगट लोखंडी तवा घेऊन या.