यकृत नवे, विषाणू जुनाच! हेपेटायटिस सी प्रत्यारोपणानंतर का परततो?

यकृत प्रत्यारोपण झाले की आजार संपला, असे आपण धरून चालतो. हेपेटायटिस सी असलेल्या रुग्णाचे तसे नसते. हा विषाणू पोखरतो यकृत, पण फिरतो रक्तातून. खराब यकृत काढले तरी तो शरीरात उरतोच आणि नव्या यकृतात रक्त खेळू लागले की काही तासांत तिथे शिरतो. नव्या फोनमध्ये जुना, व्हायरसवाला बॅकअप टाकावा तसे! शिवाय नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतात; त्यात विषाणूचे फावते. उपचार न झाल्यास अशा २० ते ३० टक्के रुग्णांना साधारण पाच वर्षांत पुन्हा सिरोसिस होतो.

मग रोखायचे कसे?

हेपेटायटिस बीसारखी यावर लस नाही, पण गोळ्या आहेत. सोफोसबुविर २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीला १,००० डॉलर पडत. आता भारतात जेनेरिक मिळते आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. शक्य असेल तर हा कोर्स प्रत्यारोपणाआधीच उरकावा. यकृत फारच निकामी झाले असेल तर आधी शस्त्रक्रिया, मग गोळ्या. हे डॉक्टरच ठरवतील. टीबीचे रिफाम्पिसिन चालू असेल तर मात्र आधी सांगा, त्याने या गोळ्यांचा असर घटतो. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा. अँटिबॉडी चाचणी त्यानंतरही पॉझिटिव्ह येते, घाबरू नका.

भामरागडचा काय संबंध?

इथून नागपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. दाता, प्रतीक्षा यादी, लाखोंचा खर्च हे सगळे इथल्या माणसासाठी कागदावरच राहते. म्हणून माझ्या मते भामरागडमध्ये खरा प्रश्न प्रत्यारोपणानंतरचा नाही, त्याच्या कितीतरी आधीचा आहे. गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच, आणि त्यांतल्या अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते. रक्तपिशवीची हेपेटायटिस सी चाचणी या शतकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. त्याआधी रक्त घेतलेल्यांची एकदा तरी तपासणी व्हायला हवी.

त्यासाठी नवी योजना कशाला? सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, पथके गावात जातात, बोटाला टोचतात. ज्यांना कधी रक्त चढवले त्यांच्यासाठी त्याच वेळी आणखी एक थेंब, आणखी एक पट्टी. पॉझिटिव्ह आल्यास पुढची विषाणूची चाचणी टीबीच्या ट्रुनॅट यंत्रावरही होते. यंत्र तेच, चिप वेगळी. आणि कोर्स पावसाळ्यात येत असेल तर पर्लकोटेला पूर येण्याआधीच तिन्ही महिन्यांच्या गोळ्या रुग्णाच्या हातात द्याव्यात.